बाबांना झटका आला तेव्हा त्यांचं वय किती होतं?

"घरात कोणाला हृदयविकार आहे का?" असं डॉक्टर विचारतात तेव्हा आपण "हो, वडिलांना" किंवा "तसं कोणाला नाही" एवढंच सांगून मोकळे होतो. या प्रश्नाचं निम्मं उत्तर मात्र वयात असतं. वडिलांची बायपास ७४ व्या वर्षी झाली असेल, तर त्यातला बराच वाटा वयाचा असू शकतो. तीच ४६ व्या वर्षी झाली असेल, तर तुमच्या स्वतःच्या तपासण्या आता पुढे ढकलण्यात अर्थ नाही.

वैद्यकशास्त्रात यासाठी एक सोपी रेघ आखलेली आहे. आईवडील, सख्खी भावंडं किंवा मुलं यांच्यापैकी एखाद्या पुरुषाला ५५ च्या आत किंवा एखाद्या स्त्रीला ६५ च्या आत हृदयविकार झाला असेल, तर तो "लवकर आलेला" मानतात. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात १९४८ पासून हृदयविकाराचा अभ्यास चालू आहे. तिथे पहिल्या पिढीच्या मुलांचीही वर्षानुवर्षं नोंद ठेवली गेली. आईवडिलांपैकी एकाला असा लवकर विकार झालेला असेल, तर मुलग्यांचा धोका सुमारे दुप्पट आणि मुलींचा सुमारे पावणेदोन पट निघाला. रक्तदाब, कोलेस्टेरॉल, सिगारेट यांचा हिशेब वेगळा काढल्यानंतरचे हे आकडे आहेत.

आपल्याकडे यात आणखी एक अडचण येते. घराण्याचा इतिहास म्हटलं की आपण वडिलांची बाजू मोजतो. आजोबा, काका, चुलत्यांची मुलं. आईच्या माहेरची माणसं या मोजणीत येतच नाहीत. मामा ४८ व्या वर्षी "अचानक गेले" हे घरात सगळ्यांना माहीत असतं, पण डॉक्टरसमोर ते कोणी बोलत नाही. निम्मी जनुकं आईकडून येतात, त्यामुळे आजोळची चौकशी तेवढीच महत्त्वाची. शिवाय जुन्या पिढीत निदानच झालेलं नसे. "शेतात चक्कर येऊन पडले", "रात्री छातीत गॅस चढला आणि सकाळी उठलेच नाहीत" या आठवणींमागे बऱ्याचदा हृदयाचा झटका असतो. घरातल्या आजीला किंवा थोरल्या आत्याला शांतपणे विचारलं तर ही सगळी माहिती मिळते. ती लिहून ठेवा: नाव, काय झालं, कितव्या वर्षी.

आता वारशाने नेमकं येतं काय, ते पाहू. सगळ्या घरांत एकच गोष्ट येत नाही, आणि कोणती आली आहे त्यावर पुढचा उपाय ठरतो.

पहिला प्रकार म्हणजे एकाच जनुकातला मोठा दोष. याला फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमिया म्हणतात; डॉक्टर बोलताना नुसतं एफएच म्हणतात. आपल्या यकृताच्या पेशींवर रक्तातले एलडीएलचे, म्हणजे "वाईट" कोलेस्टेरॉलचे, कण पकडून आत ओढणाऱ्या जागा असतात, त्यांना रिसेप्टर म्हणतात. टेक्सासमधल्या डॅलस इथे मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टाइन यांनी १९७० च्या दशकात हे रिसेप्टर शोधून काढले आणि १९८५ साली त्यांना नोबेल मिळालं. एफएचमध्ये बहुतेक वेळा या रिसेप्टरच्या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक बिघडलेली असते. मग एलडीएल उपसण्याचं काम निम्म्या ताकदीने चालतं आणि रक्तातलं प्रमाण जन्मापासून चढं राहतं.

जन्मापासून, हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. रिपोर्टवर दिसतो तो एका दिवसाचा आकडा. रक्तवाहिनीच्या भिंतीत साचते ती सगळ्या वर्षांची बेरीज. हे साचणं नळातल्या गाळासारखं आतल्या पोकळीत होत नाही, भिंतीच्या पोटात होतं. कोकणातल्या जुन्या घराच्या भिंतीत ओल मुरत जाते, रंग वरून धड दिसतो आणि एका पावसात गिलाव्याचा पोपडा सुटतो, तसंच काहीसं. रक्तवाहिनीतला असा पोपडा फाटला की त्यावर काही मिनिटांत रक्ताची गुठळी धरते आणि वाट बंद होते. काल मॅरेथॉन धावलेल्या माणसाला आज झटका कसा आला, याचं उत्तर बऱ्याचदा इथे असतं. धावण्याने त्याचं भलंच झालेलं असतं. भिंतीतली ओल मात्र लहानपणापासूनची असते.

एफएच दुर्मीळ नाही. जगभरात साधारण दर २५० ते ३०० माणसांमागे एकाला तो असतो. हजार मुलांच्या शाळेत तीन-चार मुलं. उपचार न घेतलेल्या पुरुषांपैकी जवळजवळ निम्म्यांना पन्नाशीपर्यंत हृदयविकार गाठतो. मोठ्या माणसाचा एलडीएल १९० किंवा त्याहून जास्त असेल, तर "तेल कमी करा" एवढ्यावर थांबू नये, एफएच आहे का हे विचारावं. टाचेमागच्या जाड स्नायुबंधावर किंवा बोटांच्या सांध्यांवर पिवळसर टणक गाठी, आणि ४५ च्या आतच डोळ्याच्या बुबुळाभोवती पांढुरकं कडं, या खुणाही काही जणांत दिसतात. सगळ्यांत दिसत नाहीत.

हा दोष आईवडिलांपैकी एकाकडे असेल तर प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता निम्मी असते. मुलगा की मुलगी, याने फरक पडत नाही. दोघांकडेही असेल, तर चारातल्या एका मुलात दोन्ही प्रती बिघडलेल्या येऊ शकतात, आणि तो फार भयंकर प्रकार आहे. टेक्सासमधली स्टॉर्मी जोन्स ही अशीच मुलगी. १९८४ साली, सहा वर्षांची असताना, पिट्सबर्ग इथे तिचं हृदय आणि यकृत एकाच वेळी बदलण्यात आलं. नव्या यकृतात रिसेप्टर होते, त्यामुळे तिचं कोलेस्टेरॉल झपाट्याने उतरलं. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत आपल्याकडे काही समाजांत आजही आहे. अशा लग्नात दोघांकडे एकच दोष असण्याची शक्यता वाढते. ज्या घरात लवकर झटके आलेले आहेत, तिथे नात्यात लग्न ठरवण्याआधी दोघांचं लिपिड प्रोफाइल, म्हणजे कोलेस्टेरॉलची रक्ततपासणी, करून घेणं अगदी रास्त आहे. त्यात कोणाचाही अपमान नाही.

एफएचबद्दल मला सर्वांत आशा देणारी गोष्ट ॲम्स्टरडॅममधून आलेली आहे. तिथे एफएच असलेल्या २१४ मुलांना लहान वयात कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिनच्या गोळ्या सुरू केल्या आणि वीस वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. २०१९ साली निष्कर्ष छापून आले. तुलना त्यांच्याच आईवडिलांशी होती, ज्यांना तोच दोष होता, पण तरुणपणी हे औषध मिळालं नव्हतं. वयाच्या ३९ पर्यंत आईवडिलांपैकी २६ टक्क्यांना हृदयविकाराचा किंवा रक्तवाहिन्यांचा काही ना काही प्रसंग आलेला होता. मुलांमध्ये हे प्रमाण १ टक्का निघालं. जनुक तेच, घर तेच. फरक पडला तो लवकर कळल्याने आणि लवकर गोळी सुरू झाल्याने.

म्हणून एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. एफएच असलेल्या माणसाला पथ्य आणि चालणं लागतंच, पण तेवढ्याने त्याचा एलडीएल जागेवर येत नाही. त्याला औषध लागतं, बहुतेक वेळा आयुष्यभर, आणि अशा घरातल्या मुलांची तपासणी आठ-दहाव्या वर्षापर्यंत व्हायला हवी. "एवढं सांभाळून खाते तरी कोलेस्टेरॉल कमी होत नाही" म्हणून स्वतःला दोष देणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. त्यांचं काही चुकलेलं नसतं. फक्त मूल हवं असेल तर स्टॅटिनबद्दल आधी डॉक्टरांशी बोलावं लागतं, कारण गरोदरपणात ती सहसा थांबवतात.

दुसरा प्रकार आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत आहे: एलपी लिटल-ए. हा एलडीएलचाच एक भाऊबंद कण, त्याला एक जादा प्रथिन चिकटलेलं असतं. नॉर्वेच्या कोरे बर्ग यांनी १९६३ साली तो पहिल्यांदा ओळखला. रक्तातलं त्याचं प्रमाण जवळपास पूर्णपणे जनुकांवर ठरतं आणि लहानपणीच ठरून जातं. साखर सोडा, योगासनं करा, वजन उतरवा, हा आकडा जागचा फारसा हलत नाही. डेसिलिटरला ५० मिलिग्रॅमच्या वर गेला तर धोका वाढतो, आणि सुमारे चारातल्या एका भारतीयाचा तो वर असतो. नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये ही तपासणी नसते, वेगळी सांगावी लागते. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत ती प्रत्येकाने आयुष्यात एकदा तरी करावी असं म्हटलं आहे. याच सूचनांत पहिलं लिपिड प्रोफाइल १८ व्या वर्षी, आणि घरात इतिहास असेल तर त्याआधीच करायला सांगितलं आहे.

मग जो आकडा हलत नाही तो जाणून करायचं काय? तो वर असेल तर बाकी सगळे आकडे जास्त कडकपणे खाली ठेवायचे. एलडीएल, रक्तदाब, साखर, तंबाखू. डॉक्टरही मग "बॉर्डरलाइन आहे, सहा महिने बघू" असं म्हणत नाहीत.

तिसरा प्रकार सर्वांत जास्त घरांत असतो. इथे दोषी असं एक जनुक नसतं. शेकडो ठिकाणचे बारीक फरक, प्रत्येकाचा परिणाम चिमूटभर, पण सगळे एकत्र आले की वजन जाणवतं. जीवनशैलीचा सर्वांत मोठा उपयोग इथेच दिसतो. २०१६ साली ५५ हजारांहून अधिक लोकांच्या माहितीवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जनुकांवरून त्यांचे गट केले आणि मग चार साध्या गोष्टी पाहिल्या: धूम्रपान नाही, लठ्ठपणा नाही, आठवड्याला काहीतरी व्यायाम आहे, आहार बरा आहे. जनुकांचा धोका जास्त असलेल्या लोकांत, यातल्या किमान तीन गोष्टी पाळणाऱ्यांचा धोका न पाळणाऱ्यांच्या जवळपास निम्मा होता. त्यातल्या एका गटात दहा वर्षांतलं हृदयविकाराचं प्रमाण १०.७ टक्क्यांवरून ५.१ वर आलेलं दिसलं. त्याच गटात जनुकं चांगली पण राहणी वाईट असलेल्यांचं प्रमाण ५.८ होतं. वाईट पत्ते हाती येऊनही नीट राहणारा माणूस, चांगले पत्ते घेऊन बेफिकीर राहणाऱ्यापेक्षा किंचित का होईना, बऱ्या जागी होता. हे लोक बहुतांश युरोपीय वंशाचे होते, त्यामुळे आकडे जसेच्या तसे आपल्याला लावू नयेत. दिशा मात्र तीच आहे. ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात (२००४) भारतातलेही लोक होते, आणि तिथे पहिल्या झटक्याच्या धोक्यापैकी सुमारे ९० टक्के धोका नऊ मोजता येण्याजोग्या कारणांशी जोडलेला सापडला.

त्याच अभ्यासात आपल्याला लागू पडणारी एक गंभीर गोष्ट होती. दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका सरासरी ५३ च्या आसपास आला होता, इतर देशांत ५८-५९ ला. यात जनुकांखेरीज आणखी एक वारसा आहे, आणि त्याचं बरंचसं संशोधन पुण्यात झालेलं आहे. केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या बाळांची मापं घेतली. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ किलोची. आपली बाळं स्नायूंनी आणि हाडापेराने लहान, पण अंगावरची चरबी त्या मानाने राखलेली. पुढे २००४ साली डॉ. याज्ञिक आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांचा एक फोटो "लॅन्सेट" या वैद्यकीय नियतकालिकात आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. म्हणजे "मी तर बारीक आहे" हा आपल्या माणसाचा दिलासा पुरेसा नाही. वजनकाट्यापेक्षा शिवणकामाचा टेप जास्त खरं सांगतो: पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत, स्त्रियांची ८० च्या आत. आणि गरोदर सुनेचं खाणंपिणं हे पुढच्या पिढीच्या हृदयाचं काम आहे, हे घरातल्या मोठ्यांनी मनावर घ्यायला हवं.

जनुकांसोबत घरही वारशाने येतं. चहाबरोबर खारी, संध्याकाळी फरसाण, रविवारी तळण, जेवणात पापड-लोणचं हवंच, हे आपण आईवडिलांकडूनच शिकतो. म्हणून झटका आलेल्या एकट्या माणसासाठी वेगळी अळणी भाजी शिजवण्याच्या पद्धतीला माझा विरोध आहे. त्याला वाळीत टाकल्यासारखं वाटतं, ज्या बाईवर स्वयंपाक असतो तिचं काम दुप्पट होतं, आणि ज्या मुलांना धोका आहे ती मात्र जुनंच खात राहतात. बदलायचं तर सगळ्यांचं ताट बदला.

त्यासाठी परदेशी पदार्थ आणायची गरज नाही. ज्वारी-बाजरीची भाकरी, मोडाच्या उसळी, पालेभाज्या, कोशिंबीर, ताक, मूठभर शेंगदाणे हे आपलं रोजचं जेवण उत्तमच आहे. बिघडलंय ते त्याच्या भोवतीचं. महिन्याच्या किराण्यावरून हिशेब करून बघा. मीठ माणशी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत हवं, म्हणजे चौघांच्या घरात महिन्याला ६०० ग्रॅम, आणि त्यातच लोणचं, पापड, वेफर्सही आले. तेल आहारतज्ज्ञ साधारणपणे माणशी महिन्याला अर्धा लिटर सांगतात. तळून उरलेलं तेल परत परत तापवू नये. अन्नातल्या ट्रान्स फॅटवर २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा आहे, पण गाड्यावरच्या कढईत काय चाललंय ते कोणी मोजत नाही. कोकण-गोव्यातल्या घरांत एलडीएल चढा असेल तर ओल्या नारळाचं वाटण आणि खोबरेल तेल आवरतं घ्यावं लागेल, कारण खोबरेलातली बहुतेक चरबी संपृक्त (सॅच्युरेटेड) असते. बांगडा आणि तारली मात्र भरपूर खा, तळण्याऐवजी कालवणात.

तंबाखूबद्दल मी मवाळपणे लिहू शकत नाही. वडिलांना ५० च्या आत झटका आलेल्या मुलाने सिगारेट ओढणं म्हणजे स्वतःच्या जिवाशी खेळणं आहे. मिश्री लावणाऱ्या आजीला आणि गुटखा चघळणाऱ्या काकांना वाटतं की धूर नाही म्हणजे हृदयाला धोका नाही. इंटरहार्टमध्ये तंबाखू चघळणाऱ्यांचाही धोका दुपटीहून जास्त निघाला. घरात एक जण ओढत असेल तर न ओढणाऱ्या बायको-मुलांच्या हृदयालाही त्याचा त्रास होतो, त्यामुळे बाल्कनीत जाऊन ओढणं हा तोडगा नाही.

व्यायामाचं थोडक्यात: आठवड्याला किमान १५० मिनिटं घाम येईल इतकं भरभर चालणं. जेवणानंतर सगळ्यांनी मिळून वीस मिनिटं फिरून येणं हे मला जिमच्या वर्षभराच्या फीपेक्षा जास्त टिकताना दिसलं आहे.

काही घरांतला प्रश्न ब्लॉकेजचा नसतोच. विशी-तिशीतला धडधाकट मुलगा खेळता खेळता कोसळला आणि रक्तवाहिन्या साफ निघाल्या, तर हृदयाच्या स्नायूचा किंवा विद्युत यंत्रणेचा आनुवंशिक आजार असू शकतो. स्नायू जाड होण्याचा एक प्रकार साधारण पाचशे माणसांमागे एकात असतो. तिथे कोलेस्टेरॉल तपासून उपयोग नाही. भावंडांचा आणि आईवडिलांचा ईसीजी आणि टू-डी इको करून घ्यावा लागतो. खेळताना चक्कर येऊन शुद्ध हरपणं ही "अशक्तपणा" म्हणून सोडून देण्याची गोष्ट नाही.

अमेरिकेत राहणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरला दक्षिण आशियाई मूळ आवर्जून सांगावं. तिथल्या २०१८ च्या कोलेस्टेरॉल मार्गदर्शक सूचनांत ते धोका वाढवणारं कारण म्हणून नोंदलेलं आहे, पण दहा मिनिटांच्या भेटीत ते विचारलं जाईलच असं नाही.

राहता राहिलं नातेवाइकांना सांगणं. आपण घरातली अँजिओप्लास्टी लपवतो. मुलीचं लग्न व्हायचंय, नोकरीत कळलं तर, लोक काय म्हणतील. पण एका माणसाचं निदान झालं की त्याच्या भावाबहिणींना आणि मुलांना वाचवण्याची संधी त्याच आठवड्यात असते. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर एवढं लिहिलं तरी पुरे: "दादाला ४७ व्या वर्षी झटका आला, आता बरा आहे. एलडीएल २१० निघाला. डॉक्टर म्हणतात हे घराण्यातून आलेलं असू शकतं. सगळ्यांनी लिपिड प्रोफाइल आणि एलपी लिटल-ए करून घ्या, रक्तदाब आणि साखर पण. मुलांचंही विसरू नका. छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, दरदरून घाम असं काही झालं तर गॅस समजून थांबू नका, १०८ ला फोन करा." आणि त्या गटात नसलेल्या आत्याला, मावशीला, मामेभावाला वेगळा फोन करा.